सिएनाचा काम्पो: उतार फुकट, कड महाग

इटलीतल्या फ्लॉरेन्स-पिसाच्या सहलीत सिएना हे शहर बसवलेलं असेल, तर त्याच्या वाट्याला बहुधा दोन तास येतात. गाईडची उंच धरलेली छत्री, तिच्यामागून चढाच्या गल्ल्या, मग पियाझ्झा देल काम्पो या मुख्य चौकाच्या वरच्या कडेवरून मनोऱ्याचा फोटो, एक जेलातो आणि परत बस. एवढ्यात चौक बघून होतो, पण तिथे बसणं राहून जातं. आणि काम्पोची गंमत सगळी बसण्यात आहे. त्यासाठी एक रात्र सिएनात काढावी, हे आमचं पहिलं मत. ते जमत नसेल तर निदान सकाळी येऊन सूर्यास्तानंतरच निघावं.

चौकाचा आकार पुस्तकांत शिंपल्यासारखा सांगतात. मराठी डोळ्याला तो सरळ सुपासारखा दिसेल. वरची बाजू रुंद आणि गोलाकार, तिथून जमीन खाली उतरत उतरत पालाझ्झो पुब्ब्लिको, म्हणजे नगरसभेच्या वाड्यापाशी येते. तांबड्या विटा माशाच्या काट्यासारख्या तिरप्या बसवलेल्या आहेत आणि त्यांच्यामधून पांढऱ्या ट्रॅव्हर्टिन दगडाच्या रेघा पंख्याच्या काड्यांसारख्या पसरल्या आहेत. या रेघांनी चौकाचे नऊ भाग पडतात. 1287 ते 1355 या काळात सिएनाचा कारभार नऊ जणांचं मंडळ बघत असे, त्यांची ही खूण. फरसबंदी 1349 मध्ये पुरी झाली, म्हणजे प्लेगच्या महामारीने शहर रिकामं केलं त्याच्या पुढच्याच वर्षी.

सगळ्या रेघा खाली जिथे मिळतात तिथे पाणी जायचं तोंड आहे. त्याला गाविनोने म्हणतात. बहुतेक लोक त्यावर पाय देऊन पुढे जातात, पण पाऊस आला की चौक आपली करामत दाखवतो: तीन डोंगरसोंडांच्या बेचक्यात उतरणारं पाणी विटांवरून ओघळत त्या एका तोंडाशी जमा होतं. सरी येतायत म्हणून कॅफेत पळू नका, वरच्या कडेला आडोसा धरा आणि दहा मिनिटं बघा. फक्त पाऊस थांबल्यावर लगेच उताराने खाली धावू नका. शेकडो वर्षांच्या पायांनी विटा गुळगुळीत झाल्या आहेत आणि ओल्या असताना त्या शेवाळल्या पायरीसारख्या निसरतात. चामड्याच्या तळव्याचे बूट, घसरगुंडी चपला इथे नकोतच. रबरी तळव्याचे, पाऊल धरून ठेवणारे बूट हवेत.

बसायचं कुठे? उताराच्या मधल्या पट्ट्यात, वाड्याकडे तोंड करून. अगदी वर बसलं की मागून जाणाऱ्यांचे पाय लागतात, अगदी खाली बसलं की मनोरा बघायला मान मोडते. उतार इतका बेताचा आहे की हात मागे टेकून अर्धवट पहुडता येतं, आणि इथले विद्यार्थी तेच करत असतात. उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार विटा तापतात. तेव्हा मनोऱ्याची सावली शोधायची. वाडा चौकाच्या आग्नेयेला आहे, त्यामुळे मनोऱ्याची सावली सकाळपासून दुपारपर्यंत सूर्यघड्याळाच्या काट्यासारखी विटांवरून सरकत जाते, आणि माणसं त्या लांबट पट्ट्यात ओळीने बसलेली दिसतात. काटा सरकला की ओळही सरकते. फोटोवाल्यांनी हीच दिशा लक्षात ठेवावी: सकाळी वाड्याचा दर्शनी भाग उजेडाच्या विरुद्ध असतो, त्यामुळे फोटोत काळपट येतो. सूर्य मावळतीकडे झुकला की त्याच विटा पेटल्यासारख्या लाल होतात. सकाळची वेळ संग्रहालयाला द्या, चौकाला संध्याकाळ.

वाडा बघताना आजूबाजूच्या घरांच्या खिडक्यांकडेही बघा. 1297 मध्ये नगराने नियम केला की काम्पोकडे उघडणाऱ्या खिडक्यांना मध्ये बारीक खांब हवेत आणि पुढे आलेले सज्जे नकोत. वाडा पुरा होण्याआधीच घरमालकांवर बांधकामाचे नियम! आज सगळा चौक एका हाताने काढल्यासारखा वाटतो तो या नियमांमुळे. सान्सेदोनी घराण्याच्या वाड्याची वाकलेली भिंत त्याचा सर्वांत देखणा नमुना.

आता पैसे कुठे घालायचे. क्रम असा लावावा: आधी वाड्यातलं संग्रहालय, मग पायात जोर असेल तर मनोरा, आणि सर्वांत शेवटी चौकाच्या कडेची खुर्ची-टेबलं. बहुतेक पाहुणे नेमकं उलटं करतात.

म्युझेओ चिविको हे संग्रहालय वाड्याच्या वरच्या मजल्यावर आहे. तिथल्या साला देल माप्पामोंदो या दालनात सिमोने मार्तीनीची 1315 ची ‘माएस्ता’ आहे. छत्राखाली बसलेली मेरी, भोवती संतांचा दरबार. शेजारच्या ‘साला देला पाचे’ या दालनात ते नऊ जण बसत. तिथल्या तीन भिंतींवर अंब्रोजो लोरेन्झेत्तीने 1338-39 मध्ये चांगल्या आणि वाईट राज्यकारभाराचं चित्र काढलं. चौथ्या भिंतीला खिडकी. एका बाजूला दुकानं, गवंडी, नाचणाऱ्या मुली, वेशीबाहेर नांगरट आणि धान्याची गाढवं. समोरच्या बाजूला शिंगवाला जुलूम आणि जळकी गावं. वाईट कारभाराची भिंत बरीच खराब झाली आहे. त्या चित्रातलं वेशीबाहेरचं रान आणि याच वाड्याच्या मागच्या सज्जातून दिसणारं रान, दोन्ही लागोपाठ बघायची. सज्जा वरच्या अंगाला आहे आणि दमलेली माणसं जिना बघून तो सोडून देतात. सोडू नका. मात्र इथे एक खबरदारी: जुन्या भित्तिचित्रांची डागडुजी चालू असली की एखादं दालन बंद ठेवतात किंवा समोर परांची उभी असते. लोरेन्झेत्तीसाठीच जाणार असाल तर तिकीट काढण्यापूर्वी खिडकीवर विचारा, “साला देला पाचे उघडं आहे ना?” बंद असेल तर पैसे परत मागायची सोय नसते.

तोर्रे देल मांजा हा मनोरा 1338 ते 1348 या काळात उभा राहिला. विटांचा उंच खांब आणि वर पांढऱ्या दगडाचा मुकुट. वरच्या लोखंडी काठीसकट उंची सुमारे 102 मीटर. नाव पडलं पहिल्या घंटावाल्यावरून. त्याला ‘मांजाग्वादान्यी’, म्हणजे मिळकत खाऊन टाकणारा, असं चिडवत. जुन्या नगरसभेचा घंटावाला विस्मरणात जायला हवा होता, तो खादाडपणामुळे अमर झाला.

चढायला सुमारे 400 पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. एका वेळी 25 जणांनाच वर सोडतात आणि वर ठरावीक वेळच थांबता येतं. म्हणून रांग लहान दिसली तरी फसू नका. पुढे 40 माणसं असतील तर दुसऱ्या खेपेतच तुमचा नंबर. तिकीट वाड्याच्या आतल्या चौकातल्या खिडकीवर, साधारण 10 युरो, संग्रहालयासह एकत्र घेतलं तर स्वस्त पडतं. दर आणि वेळा ऋतूप्रमाणे बदलतात. हिवाळ्यात मनोरा लवकर बंद होतो आणि शेवटचा प्रवेश बंद व्हायच्या बराच आधी असतो. पाऊस आला की चढाई थांबवतात, त्यामुळे ढगाळ दिवशी मनोरा सकाळी उरकून घ्या. पाठीवरची पिशवी खाली ठेवावी लागते आणि ते बरंच, कारण जिना काही ठिकाणी इतका अरुंद आहे की उतरणाऱ्याला वाट देताना भिंतीला चिकटावं लागतं. छत काही जागी डोक्याला लागेल इतकं बुटकं. बंदिस्त जागेत ज्यांचा जीव घाबरतो, गुडघे कुरकुरतात, त्यांनी हा नाद सोडावा.

त्यांच्यासाठी, आणि खरं तर सगळ्यांसाठीच, दुसरा पर्याय आहे: फाच्चातोने. 1339 मध्ये सिएनाकरांनी आपलं डुओमो, म्हणजे शहराचं मुख्य चर्च, एवढं वाढवायला घेतलं की जुनं चर्च नव्याची नुसती आडवी बाजू ठरली असती. 1348 च्या महामारीनंतर काम रखडलं ते कायमचं. त्या अर्धवट चर्चची एकटी उभी राहिलेली दर्शनी भिंत म्हणजे फाच्चातोने. डुओमोच्या संग्रहालयाच्या तिकिटात तिच्यावर चढता येतं. पायऱ्या मनोऱ्याच्या निम्म्याहून कमी. आणि मोठा फायदा असा की इथून काम्पोचं सूप आणि मांजाचा मनोरा दोन्ही एका नजरेत येतात. मनोऱ्यावर चढलेल्याला मनोराच दिसत नाही, हे वर गेल्यावर कळतं! इथेही ठरावीक माणसंच सोडतात, भर दुपारी रांग लांबते. सकाळी दार उघडताच जा.

मनोऱ्याच्या पायथ्याला संगमरवरी मंडपासारखं जे दिसतं ते काप्पेल्ला दी पियाझ्झा. महामारीतून जगलेल्यांनी मेरीला बोललेला नवस 1352 पासून असा फेडायला घेतला. तिथे दोन मिनिटं पुरेत.

वरच्या कडेला फोंते गाया हे कारंजं, ‘आनंदाचा झरा’. डोंगरमाथ्यावरच्या या गावाला नदी नाही. पाणी आणलं ते जमिनीखाली खोदलेल्या बोत्तीनी नावाच्या भुयारांनी. त्यांचं जाळं जवळपास 25 किलोमीटरचं. बाहेरून पाणी झिरपतं आणि हलक्या उताराने वाहत येतं, पंप नाही, काही नाही. औरंगाबादची नहर-ए-अंबरी किंवा कात्रजहून पुण्यात आलेला पेशवाई नळ ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे काम ओळखीचं वाटेल. कारंज्याभोवतीचं कोरीव काम याकोपो देल्ला क्वेर्चाने 1419 मध्ये पुरं केलं. पण समोर दिसतं ते मूळ नव्हे. ती 19 व्या शतकात तीतो सार्रोक्कीने केलेली प्रतिकृती आहे. झिजलेले मूळ दगड डुओमोसमोरच्या सांता मारिया देल्ला स्काला या जुन्या इस्पितळात ठेवले आहेत. शिल्पात रस असेल तर तिकडे जा, इथे लांडगीच्या तोंडातून पाणी पिणारी कबुतरं बघा.

खाण्याचं म्हणाल तर, चौकाच्या कडेची टेबलं खाण्यासाठी नसून जागेच्या भाड्यासाठी असतात असं समजून बसावं. इटलीत बारच्या फळीपाशी उभं राहून प्यायलेल्या कॉफीचा भाव वेगळा आणि टेबलावरच्या कॉफीचा वेगळा. काम्पोवर हा फरक तिपटी-चौपटीचा होतो. त्यात लबाडी नाही, दोन्ही दर पाटीवर लिहिलेले असतात, फक्त बसण्याआधी वाचायचे. जेवणाच्या बिलात माणशी दोन-चार युरो ‘कोपेर्तो’ (बसण्याचा आकार) लागतं, तेही पाटीत असतं. ती टिप नव्हे, वेगळी टिप द्यायची सक्ती नाही. आमचा सल्ला: टेबलावर एकदाच बसा, संध्याकाळी, एका पेयासाठी. जेवण दोन गल्ल्या पलीकडे. मधल्या खाण्यासाठी आतल्या गल्ल्यांत तुकडे करून विकतात तो चाच्चीनो (चपटा खारट पाव) कागदात बांधून घ्या आणि उतारावर बसा. कागद, बाटली मात्र आपल्याबरोबर उठली पाहिजे.

शाकाहारी मंडळींचे हाल होत नाहीत, पण विचारून घ्यावं लागतं. पीची ही इथली जाड, हाताने वळलेली शेवयांसारखी पास्ता. मूळ कृती मैदा आणि पाण्याची, तरी काही जण थोडं अंडं घालतात. ‘आल्लाल्योने’ म्हणजे टोमॅटो-लसणीची, ती मागा. ‘राग़ू’ शब्द दिसला की मांस. रिबोल्लीता या पाव-भाजीच्या दाट सूपात कधी कधी मांसाचा अर्क असतो. कडक पाळणाऱ्यांसाठी आणखी एक: पेकोरीनोसारख्या पारंपरिक चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण वापरतात. गोडात पानफोर्ते, म्हणजे बदाम, मुरवलेली फळं, मध आणि मसाल्याची चिवट वडी, ती बहुधा अंड्याविना असते. रिच्चारेल्ली ही बदामाची मऊ बिस्किटं मात्र अंड्याच्या पांढऱ्याशिवाय होत नाहीत. पानफोर्ते घरी न्यायला उत्तम, आठवडे टिकतं. पाव किलोचा तुकडा चार माणसांना पुरतो, कारण एका वेळी बोटभरापेक्षा जास्त कुणी खाऊ शकत नाही.

पोचायचं कसं यात बहुतेकांची चूक होते ती रेल्वेची. फ्लॉरेन्सहून गाडी साधारण दीड तासात येते, पण सिएनाचं स्टेशन डोंगराखाली आहे. स्टेशनसमोरच्या मॉलमधून एकामागून एक सरकते जिने वर नेतात, तिथून कामोल्लिया वेशीतून काम्पोपर्यंत आणखी वीस-पंचवीस मिनिटं चालणं. सामान नसेल तर ही वाट छान आहे. वेशीवर लॅटिनमध्ये कोरलंय की हे दार उघडतं त्याहून सिएना तुमच्यासाठी मन मोठं उघडते. सामान असेल तर बस घ्या: फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोवेल्ला स्टेशनलगतच्या बस आगारातून 131 नंबरची ‘रापीदा’. सव्वा तासाच्या आसपास, दहा युरोच्या आत, आणि उतरवते जुन्या शहराच्या तोंडाशी. तिथून काम्पो दहा मिनिटं. 131 चीच साधी बसही असते, ती गावोगाव थांबत जाते. पाटीवरचा शब्द बघून चढा. रविवारी आणि सणाला फेऱ्या कमी होतात, परतीची शेवटची बस आल्याआल्या बघून ठेवा. रेल्वेचं कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात ठोकायला विसरू नका. तिकीट असून दंड भरणारे पाहुणे रोज सापडतात.

भाड्याची गाडी असेल तर एकच नियम: वेशीच्या आत न्यायची नाही. आतला भाग ‘झेड-टी-एल’, म्हणजे मर्यादित वाहतुकीचा, कॅमेरे नंबर टिपतात आणि दंड गाडीच्या कंपनीमार्फत काही महिन्यांनी भारतात येऊन पोचतो, वर कंपनीचं शुल्क. सांता कातेरीना वाहनतळात गाडी लावा, तिथून सरकते जिने वर आणतात.

चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी असेल तर वरचा दगडी रस्ता, जो चौकाला वळसा घालतो, तो बरा आहे. विटांचा उतार ढकलायला जड आणि उतरताना धोक्याचा. चौकात येणारे बरेच बोळ तीव्र उताराचे, काही पायऱ्यांचे आहेत, तेव्हा मुख्य रस्त्यांनीच या.

आता पालिओ. 2 जुलै आणि 16 ऑगस्टला याच वरच्या दगडी कडेवर पिवळसर माती अंथरून घोड्यांची शर्यत होते. शहराच्या 17 कोन्त्रादांपैकी 10 धावतात: मागच्या वर्षी त्याच शर्यतीत ज्या सात बाहेर राहिल्या त्या हक्काने, उरलेल्या तीन चिठ्ठीने. कोन्त्रादा म्हणजे पेठ आणि तालीम यांचं मिश्रण. कोल्हापूरच्या तालमींची फुटबॉलमधली ईर्षा ज्याने पाहिली आहे त्याला अधिक सांगायला नको. तीन फेऱ्या, एक फेरी सुमारे 340 मीटर, सगळं मिळून दीड मिनिटाच्या आत. खोगीर नाही. सान मार्तीनोच्या वळणावर घोडे उताराने येऊन काटकोनात वळतात, तिथे भिंतीला गाद्या लावतात, तरी बहुतेक पडझड तिथेच होते. स्वार पडला आणि घोडा पहिला आला तरी कोन्त्रादा जिंकते. घोड्यांना होणाऱ्या इजांमुळे या शर्यतीवर टीकाही होते आणि ती रास्त आहे. तेवढं समजूनच जावं.

बघायला दोन जागा. सज्जे आणि फळ्यांचे मंच: शेकडो युरो, महिनोन् महिने आधी. किंवा चौकाचं मधलं सूप: फुकट, उभ्याने. फुकटाची किंमत अशी की दुपारी आत जावं लागतं, मग वाटा बंद होतात आणि शर्यत संपेपर्यंत बाहेर पडता येत नाही. संडास नाही, सावली नाही. आधी मिरवणूक दोन तास. नंतर दोरांमध्ये नऊ घोडे एका रांगेत आणायचे, दहावा मागून धावत आला की सुरुवात. हा दहावा मनात येईल तेव्हा येतो, त्यामुळे कधी तासभरही जातो, अंधार पडला तर शर्यतच दुसऱ्या दिवशी. पाऊस झाला तरी तेच: 2024 ची जुलैची शर्यत 4 जुलैला धावली. शर्यतीच्या दिवसानंतर लगेचचं विमान कधीही काढू नका. टोपी, प्लास्टिकच्या बाटलीत दोन लिटर पाणी, हलकं खाणं. लहान मुलं, वृद्ध, मधुमेही यांना आत नेऊ नये.

सगळ्यांत शहाणपणाचं म्हणजे मुख्य दिवस सोडून सराव बघणं. 29 जून आणि 13 ऑगस्टच्या संध्याकाळपासून सकाळ-संध्याकाळ मिळून सहा सराव-शर्यती होतात. तीच माती, तेच घोडे, कोन्त्रादांची तीच गाणी, आणि गर्दी निम्मी. फक्त त्या आठवड्यात कॅफेची टेबलं उठलेली असतात, कडेला मंच उभे असतात आणि हॉटेलांचे दर चढलेले. ज्यांना शांत, रिकामं सूप बघायचं आहे त्यांनी या तारखा टाळून एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर धरावा. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात गेलात तर एरवी झाकलेली डुओमोची नक्षीची फरशीही बहुधा उघडी सापडते.

आठवणीची वस्तू म्हणून कोन्त्रादांचे रंगीत रुमाल चौकाभोवती सगळीकडे मिळतात. हंस, गोगलगाय, हत्ती, कासव, हवं ते चित्र. विकत घ्या, पण पालिओच्या दिवसांत गळ्यात बांधून फिरू नका. गोगलगायीचा रुमाल बांधून कासवाच्या गल्लीत शिरलात तर लोक हसण्यावारी नेतीलच असं नाही. बांधायचाच असेल तर शहराच्या ‘बाल्झाना’चा घ्या, वर पांढरा, खाली काळा. तो कुणाच्याही गल्लीत चालतो.